वेणूचा हात

ओव्हरसियर भास्कररावांनी विलायती बायसिकल आणली, तेव्हा ठाण्यातली त्यांची अख्खी आळी बघायला लोटली. त्यांच्या वेणूनं तिला नुसतं बोट लावलं, तर ते लेकीवर खेकसले, "पडलीस न् हात मोडला, तर कोण पत्करील तुला?" त्याच वैशाखात तिचं कल्याणात लग्न लावून ते मोकळे झाले.

पहिल्या दिवाळीला वेणू माहेरी आली ती हात गळ्यात बांधून. "सासूबाईंनी मुसळ मारलं," ती आईला म्हणाली. भास्कररावांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

हाडवैद्यानं तिला विचारलं, "कशानं मोडला गं, पोरी?" तिच्या आधी भास्कररावच बोलले, "ऐकते कुठं कार्टी? चढली बायसिकलवर न् पडली."



दुसऱ्या दिवसापासून आळीतल्या आया आपापल्या पोरींना वेणूचा हात दाखवायला आणू लागल्या.