फळी किती रुंद

चारुदत्तने मधलं दार लावून घेतलं आणि त्यावर खडूने ताटाएवढं वर्तुळ काढलं.

"दार घरमालकाचं आहे," मंदाकिनी म्हणाली.

"ठाऊक आहे. बदली झाली की जाताना नवीन बसवून देऊ."

भवानीपूरच्या त्या दोन खोल्यांत आतलं असं हे एकच दार. पाहुणे आले की ते लावून मंदाकिनी साडी बदलायची. आता त्यालाच भोक पडणार होतं. चांदणीच्या बाजारातून लढाईनंतर फौजेने विकून टाकलेल्या मालातला तो भला थोरला स्पीकर घरात आल्यापासून नवऱ्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. आधी त्याने चहाच्या खोक्याची दीड फुटी फळी घेऊन तीत स्पीकर बसवला. मग तशा चार फळ्या जोडून तीन फुटांची केली. दोन्ही वेळा त्याचे वडील, दिगंबरराव, समोरच्या खुर्चीत बसून रेडिओवरचा तबला ऐकत राहिले आणि शेवटी मान हलवून उठले.

"डग्गा नाही रे यात," एवढंच म्हणाले. जन्मभर तबला वाजवलेला माणूस. पूर्वी रेडिओ लागला की घरात कुणाला बोलू द्यायचे नाहीत. हल्ली रेडिओ लागला की गॅलरीत जाऊन बसायचे.

"फळ्या वाढवून काय होणार आहे?" मंदाकिनी हळूच म्हणाली. "परवा मागे वाटी पडली, मामंजींनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. कानाच्या डॉक्टरकडे न्या त्यांना."

दिगंबरराव तिथेच पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

"अण्णांच्या कानांना काही झालेलं नाही," चारुदत्त म्हणाला. "फळी लहान पडते. स्पीकरचा पुढचा आवाज आणि मागचा आवाज कडेवरून एकमेकांना भेटतात आणि खर्ज मारून टाकतात. फळी जितकी रुंद, तितका खर्ज जगतो. साधी गोष्ट आहे."

साधी गोष्ट त्याने आठवड्यात चौथ्यांदा सांगितली होती. मंदाकिनीने वाद घातला नाही. वडिलांचे कान गेले असं त्याला म्हणायचं नव्हतं, म्हणून तो फळ्या कापत होता. तिला ते कळत होतं आणि त्याचा रागही येत नव्हता.

पेपर खाली ठेवून दिगंबरराव दाराशी आले. "वर्तुळ मध्यावर नाही काढलंस," ते म्हणाले.

"मुद्दामच, अण्णा!" चारुदत्त मोठ्याने म्हणाला. "सगळ्या कडा सारख्या लांब आल्या तर आवाज बिघडतो!"

"बरोबर आहे. डग्ग्याची शाईसुद्धा कुठे मधोमध असते?" म्हातारा खूश झाला आणि खुर्ची ओढून कापाकापी बघत बसला.

भोक पडलं. स्पीकर तोंड बाहेरच्या खोलीकडे करून स्क्रूने आवळला. दार पुन्हा घट्ट लावून चारुदत्तने घाम पुसला. "आता पुढचा आवाज या खोलीत, मागचा त्या खोलीत. भेटायचा प्रश्नच नाही. आता अख्खी भिंतच फळी झाली. याहून मोठी फळी असूच शकत नाही."

"आणि आता नाही ऐकू आलं तर?"

चारुदत्तने वाकून रेडिओ लावला.

रविवारचं तबलावादन सुरू झालेलंच होतं. रेडिओतले दिवे तापले आणि डग्गा आला. असा आला की कपाटावरच्या डब्याचं झाकण थरथरलं. दिगंबरराव ताठ बसले. त्यांचा डावा तळवा मांडीवर गेला आणि मनगट घासत पुढे सरकू लागलं. डग्गा घुमवायला सरकवतात, तसं.

"आला," ते म्हणाले. "आला रे, चारू! काय घुमवतोय! बघ, बघ!"

चारुदत्तला इतका आनंद झाला की त्याला हसावं की बायकोला चिडवावं ते सुचेना. मंदाकिनीचे डोळे भरून आले. आपण हरलो याचं तिला बरंच वाटलं.

दिगंबरराव बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"पण हा उजवा हात कधी लावणार?"

उजव्याचे बोल तर मघापासून फोडणीतल्या मोहरीसारखे खोलीभर तडतडत होते. चारुदत्तने दाराकडे पाहिलं. दाराविषयी सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दिगंबररावांनी मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. मांडीवरचा हात थांबला.

"नुसत्या डाव्याने कुणी वाजवत नाही," ते सावकाश म्हणाले, स्वतःलाच सांगितल्यासारखे.

चारुदत्तने रेडिओच्या बटणाकडे हात नेला. "बंद करतो, अण्णा."

"का? राहू दे." दिगंबररावांनी खुर्ची दाराच्या आणखी जवळ घेतली. उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर ठेवली आणि सम येण्याची वाट पाहून ती चालवायला सुरुवात केली.

"डावा ऐकू येतोय ना. उजवा पाठ आहे मला."