सातवं कलम

सातव्या कलमावर येऊन बोलणी अडली. केप व्हर्देच्या राजधानीत, प्रायाला, परराष्ट्र खात्याच्या दालनात लक्झेंबर्गहून आलेले वायलर साहेब कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले होते.

"मॅडम, बाकी सगळं मान्य," शेवटी ते म्हणाले. "मिंडेलो शहरात आम्ही काढून देणार ती तंत्रशाळा, यंत्रं, शिक्षक, सगळं. पण आमच्याकडे राबणाऱ्या तुमच्या लोकांच्या आईवडिलांना तिथे कायमचं राहू द्यायचं, हे माझ्या हातात नाही. हे कलम ठेवलंत तर करार परत आमच्या संसदेपुढे जाईल. तिथे शाळा मंजूर होईलच, असं मी सांगू शकत नाही."

माणूस खोटं बोलत नव्हता, हे एर्नेस्तिनाला कळत होतं. केप व्हर्देच्या बाजूने तीच बोलत होती आणि ते कलमही तिनेच लिहिलं होतं. तिचा धाकटा भाऊ रफाएल इथे काम नाही म्हणून अठराव्या वर्षीच लक्झेंबर्गला गेला, तिथे गवंडीकाम करायचा. आता त्याची मूत्रपिंडं निकामी झाली होती. दिवसाआड यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागे. बेटांवर परत येणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

ही गोष्ट दालनात फक्त सिल्विनोला माहीत होती. तो तिच्याच गावचा, खात्यात तिच्या हाताखाली. तो क्रिओलमध्ये, बेटांवरच्या बोलीत, हळूच म्हणाला, "ताई, ताणून धरायचं असेल तर धर. वरच्यांना मी सांभाळतो."

एर्नेस्तिना खिडकीबाहेर बघत राहिली. मग वळून म्हणाली, "सातवं वगळा."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई, बिबियाना, चुलीपाशी काचुपा, मक्या-घेवड्याचा रस्सा, ढवळत होती. मका अजून शिजायचा होता.

"झाला का गं तुमचा करार?"

"झाला."

"आणि माझं?"

"नाही झालं, आई." एर्नेस्तिना दारातच उभी होती. "ते कलम मीच काढलं. नाहीतर शाळा गेली असती."

आईचा हात थांबला नाही.

"मी पुन्हा अर्ज करते," एर्नेस्तिना म्हणाली. "महिन्याभराचा परवाना सहज मिळेल."

"पाहुणी म्हणून? एकदा जाऊन आले ना. रोज सकाळी उठला की विचारायचा, आई, अजून किती दिवस आहेस. पोटच्या पोराकडे असं दिवस मोजत राहायचं का?" आईने पळी चाटून पाहिली, मीठ घातलं. "उभी काय राहिलीस? बस. पायातलं तरी काढ."

एर्नेस्तिना बसली.

"त्या शाळेत शिकून पोरं काय करणार?" आईने विचारलं.

"विजेची कामं, पाण्याच्या पंपांची कामं. इथेच. पोटासाठी बाहेर जावं लागू नये म्हणूनच तर काढतायत."

"मग चांगलं केलंस." आईने मान हलवली. "खरंच चांगलं केलंस, पोरी."

तिने भांडं खाली उतरवलं, फडक्याने नव्हे, उघड्या हातानेच. लेकीकडे पाठ ठेवूनच तिने विचारलं,

"माझा रफाएल अठराचा होता, तेव्हा कुठे होतात गं तुम्ही सगळे?"