कपाळाच्या उंचीवर

बोदिल पुन्हा न अडखळता पलीकडे पोचली. वाटेत आडव्या लावलेल्या सगळ्या फळ्या तिनं चुकवल्या आणि टोकाच्या ताटलीतली सफरचंदाची फोड मटकावली.

"बघ!" प्रोफेसर आस्गेर म्हणाला. "अजून काय हवंय तुला?"

गुद्रुन बोदिलच्या मानेकडे बघत होती. बोदिल ही बुटक्या जातीची डुकरीण, फार तर मोठ्या कुत्र्याएवढी. प्रयोगासाठी तिच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे निकामी केले होते, आणि मग डाव्या डोळ्यात गुद्रुननं नव्या पेशी सोडल्या होत्या. उजव्यावर पट्टी. म्हणजे बोदिल चालते ती डाव्या डोळ्याच्या जोरावर, असं वर्षभर सगळे धरून चालले होते. गुद्रुनसुद्धा.

पण बोदिलनं मान एकदाही वर केली नव्हती.

गुद्रुन आत गेली. तिनं डाव्या डोळ्यावरही पट्टी चिकटवली आणि फळ्यांच्या जागा बदलल्या.

"हे काय नवीन?" आस्गेर वैतागला.

"बघू तर."

बोदिल निघाली. नाक फळीला टेकवायचं, वळायचं, पुढं सरकायचं. थोड्याच वेळात सफरचंद फस्त.

"होतं असं कधीकधी," आस्गेर म्हणाला, पण त्याचा आवाज उतरला होता. "पुढच्या वर्षी माणसांवर सुरू करायचंय, गुद्रुन. आता कसले खेळ मांडतेस?"

"वर्षभर खेळच चाललाय आपला. ती नाकानं बघते आणि आपण टाळ्या पिटतो."

तिनं डावा डोळा मोकळा केला. फळ्या वीतभर वर टांगल्या, बोदिलच्या कपाळाच्या उंचीवर. आता नाक खालून निघून जाणार होतं. फळी दिसली तरच ती थांबणार होती.

धाड.

बोदिल मागं सरली, कान फडफडवले, परत चालू लागली. धाड. तिसऱ्या फळीवर आपटल्यावर ती किंचाळली आणि तिथंच बसली.

गुद्रुननं हातातली पट्टी भिंतीवर भिरकावली. पट्टी भिंतीला चिकटून राहिली. तेवढंसुद्धा धड मनासारखं होऊ नये, याचा तिला भयंकर संताप आला.

"रिग्मोर आलीय," आस्गेर हळूच म्हणाला. "आज नको सांगूस तिला."

"डोळे गेलेत माझे, आस्गेर. कान शाबूत आहेत."

रिग्मोर दारातच उभी होती. सत्तरी ओलांडलेली, आयुष्यभर बेटाबेटांमधली फेरीबोट हाकलेली बाई. माणसांवर प्रयोग सुरू झाला की पहिला डोळा तिचा, असा शब्द खुद्द आस्गेरनं दिला होता.

"तिला दिसत नाही ना?" रिग्मोरनं विचारलं.

गुद्रुनच्या घशाशी कितीतरी वाक्यं आली. मात्रा बदलू, पेशी बदलू, अजून दोन वर्षं दे. त्यातलं एकही तिला बोलवेना.

"नाही," ती म्हणाली. "कधीच दिसत नव्हतं. माझंच चुकलं."

"बरं."

रिग्मोर भिंतीला हात लावत आत आली. बोदिलच्या घुरघुरण्याच्या रोखानं गेली, गुडघ्यांवर बसली आणि तिचं कपाळ चाचपलं. तिथं टेंगूळ यायला लागलं होतं. मग तिनं हात वर नेऊन टांगलेली फळी शोधली आणि तिच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"हिच्या कडेला जाड कापड तरी लावत जा," ती म्हणाली. "मी घरच्या सगळ्या कपाटांना लावलंय."