चौथा ठोका

होसकोट्याच्या गॅरेजात ट्रकचं इंजिन उघडून ठेवलं होतं. पिस्टन ट्रेमध्ये, क्रँक भिंतीशी, ब्लॉक नुसता पोकळ. वडील जाऊन वर्ष झालं होतं. त्यांचं हे इंजिन पुन्हा बांधायचं की नवं बसवायचं, ते प्राणेशला आज ठरवायचं होतं.

"दोनदा बोअर झालंय, सिलिंडर घासून पातळ झालेत. तिसऱ्यांदा केलं तर शिराडी घाटात फुटेल, आणि वर तू बसलेला असशील," मेस्त्री चंद्रकांतअण्णा म्हणाले. "इंजिन आहे रे, कुलदैवत नाही."

"स्वल्प थांबा, अण्णा."

वडील ऐकायचे तसं त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. निरोप म्हणून, एवढंच.

टक, टक, टक. थांबून, टक.

गाडी सुरू करण्याआधी वडील डॅशबोर्डवर बोटाने असेच ठोके द्यायचे. तीन, मग चौथा.

त्याने स्क्रूड्रायव्हर अण्णांना दिला. अण्णांनी बराच वेळ ऐकलं.

"पंखा असेल," ते म्हणाले.

वीज सकाळपासून नव्हती.

"नवंच बसवा," प्राणेश म्हणाला.

"सरी, बरं." अण्णांनी मागवून ठेवलेल्या इंजिनाची पेटी उघडली. ताज्या रंगाचा वास आला. त्यात अजून तेलाचा थेंबही पडला नव्हता.

प्राणेशने तिथेही कान लावला. आत शांत होतं. अगदी शांत.

त्याला हायसं वाटलं. नकळत त्याने पेटीच्या फळीवर बोट वाजवलं. टक, टक, टक. लक्षात येताच त्याने हात मागे घेतला.

चौथा ठोका आतून आला.