बापाच्या वळणावर

"हे परत घ्या," असं म्हणत कुटुंबप्रमुखाने 'मुलाबाळांसह डोंगरवाटा' हे पुस्तक काउंटरवर आपटलं. पानांतून थोडा चिखल उडाला.

"विकलेलं परत घेत नाही आम्ही," पुस्तकवाल्या बाई म्हणाल्या. "आणि हे तर आंघोळ करून आल्यासारखं दिसतंय."

"आंघोळच झाली! सांडपाण्याच्या ओढ्यात. सासूबाईंसकट."

शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या दहा वर्षांच्या लेकीने गंभीरपणे मान डोलावली. "आजीचा एक बूट अजून तिथेच आहे."

संताप कुटुंबप्रमुखाला नवा नव्हता. जगातलं कुठलंच काम हल्ली धड राहिलं नव्हतं. नवी कोरी कात्री कापायची नाही. पेनाची शाई लिहिता लिहिता तळहाताला फासली जायची. जेवताना तो कायम मेजाच्या टोकाला बसायचा, कारण मध्ये बसलं की शेजारचा कोपर मारायचाच. लोकांना रीतच उरली नव्हती. लेकीच्याही याच तक्रारी होत्या. पोरगी अगदी बापाच्या वळणावर गेली होती.

पण हे प्रकरण कात्रीएवढं साधं नव्हतं. बायकोने बजावलं होतं, या रविवारी चौथ्यांदा वाट चुकली तर पुढचे सगळे रविवार सासूबाईंच्या दिवाणखान्यात, जुने फोटो बघत. अल्बम सतरा होते.

"दुसरं काही असेल तर दाखवा. एका दिवसात जाऊन येण्यासारखं. सहकुटुंब."

बाईंनी तीन पुस्तकं काढली. पहिल्यात नव्वद पानं नुसता खडकांचा जन्म होता. दुसऱ्यातला नकाशा उघडला तो पुन्हा मिटेना. शेवटी बाईंनी तो तसाच फडताळावर पांघरला. तिसऱ्याच्या मुखपृष्ठावर लेखक दोरीला लटकून हसत होता.

"यात लहान मुलांसाठी काय आहे?"

"मुलांना घरी ठेवा, असं आहे. दुसऱ्याच पानावर."

"अरे वा! म्हणजे मी लटकायचं आणि सासूबाईंनी टाळ्या वाजवायच्या?"

"मग कुटुंबासाठी हे एकच राहिलं," म्हणत बाईंनी चिखलाचं पुस्तक दोन बोटांनी उचललं. "शाळेतल्या एका बाईंनी लिहिलंय, बारक्या पोरांनाही कळावं म्हणून. चार वर्षांत एकाची तक्रार नाही."

"भाषेबद्दल माझीही नाही! डावं-उजवं, पूर्व-पश्चिम असला घोळ नाही. पोरीने स्वतः वाचून वाट दाखवली, मी तपासली. आमचं दोघांचं तिन्ही वेळा एकमत झालं."

"आणि घरची बाकीची माणसं?"

"बायको आणि सासूबाई मागे होत्या. गप्पा मारत. पुस्तक फक्त पुढच्यांच्या हातात, असा आमचा नियम आहे."

बाईंनी चष्मा लावला आणि चिकटलेलं पान सोडवून मोठ्याने वाचलं. "'पाण्याच्या टाकीपाशी जेवायच्या हाताला वळा. दहा मिनिटांत गवताचं पठार लागेल.' वळलात?"

"वळलो."

"पठार?"

"कारखान्याची मागची भिंत. आणि कुत्री."

"बरं. 'दोन झाडांच्या पुढे पुन्हा जेवायच्या हाताला...'"

"दगडाची खाण."

"आणि तिसरी वाट?"

"बूट," लेक म्हणाली.

आता बाईंचाही चेहरा लाल झाला. हे पुस्तक त्यांनी कितीतरी आईबापांच्या हातात विश्वासाने ठेवलं होतं. त्यांनी तिथूनच लेखिकेला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"अहो, त्या वाटांनी मी तीस वर्षं पोरं नेलीत," पलीकडून थकलेला आवाज आला.

"तीस वर्षं!" कुटुंबप्रमुख कडाडला. "म्हणजे एक अख्खी पिढी कारखान्यामागे!"

बाईंनी फोनवर तिन्ही ठिकाणं एकेक करून सांगितली.

"तिन्ही ठिकाणी चुकलं म्हणता? मग माझंच असेल. वय झालं हो. डोक्यात उलटसुलट झालं असणार. दुरुस्त करून टाका, बाई. माझ्यापायी कुणाचं पोर हरवायला नको."

कुटुंबप्रमुखाला क्षणभर वाईट वाटलं. मग सतरा अल्बम आठवले आणि वाटेनासं झालं.

बाईंनी तिथल्या तिथे शुद्धिपत्र लिहिलं, शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून त्याच्या प्रती काढून आणल्या. 'या पुस्तकात जिथे जिथे "जेवायच्या हाताला" असं छापलं आहे, तिथे तिथे "दुसऱ्या हाताला" असं वाचावं.' दुकानात छत्तीस प्रती होत्या. लेकीने डिंक लावला, बापाने चिठ्ठ्या चिकटवल्या. डिंक वाळायच्या आत जुळ्या मुलांना घेऊन एक जोडपं आलं आणि पहिली प्रत घेऊन गेलं.

"बरं झालं बाई, निघायच्या आधीच कळलं," जुळ्यांची आई जाता जाता म्हणाली. "कोणी काढली चूक?"

बाईंनी बोट दाखवलं. कुटुंबप्रमुखाने नम्रपणे मान झुकवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या संतापाचं कुणीतरी चीज केलं होतं.

चिखलाचं पुस्तक ठेवून घेऊन बाईंनी त्याला चिठ्ठीवाली नवी प्रत बदलून दिली. "नियमात बसत नाही. पण तुमचा हक्कच आहे."

"रविवारी पठारावरून फोन करतो," तो म्हणाला.

"असं कोरड्या तोंडाने नाही जायचं. तुमच्यासारखी डोळस माणसं आहेत म्हणून चाललंय सगळं." बाईंनी आपला डबा उघडला. आत केकचे दोन तुकडे होते. "घ्या. लाजू नका."

बापाने आणि लेकीने एकदमच हात पुढे केला. दोघांनीही डावा.