पलंगाचा दांडा

दवाखान्यात रश्मी सिस्टरने पलंगाच्या पायथ्याचा दांडा फिरवायला घेतला. चिंधूचं डोकं हळूहळू खाली जाऊ लागलं, तशी त्याची बायको वच्छला पुढे झाली.

"यायले आडवं नका करू न बाई," ती म्हणाली.

"काही होत नाही, मावशी. पायाची सूज उतरली, वजन उतरलं, छातीतलं पाणीही कमी झालं. आता पाठ टेकता आली पाहिजे." सिस्टरने उशी सारखी केली आणि ती पुढच्या पलंगाकडे गेली.

ती दुसऱ्या खोलीत वळते न वळते तोच वच्छलेने दांडा उलटा फिरवला. चिंधू पुन्हा बसता झाला. डोळे मिटलेले, श्वास चालू. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

तशी वच्छला भित्री बाई नव्हे. नाकाडोंगरीच्या रानात मोहफुलं वेचताना अस्वल समोर आलं, तेव्हा बाकीच्या बाया पळत सुटल्या आणि ही टोपलं बडवत उभी राहिली. पण आजारी माणूस आडवा झाला की तिचं धाबं दणाणायचं. त्याला कारण सोमाजी, चिंधूचा थोरला भाऊ. जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळं झालं त्या साली त्यालाही हाच आजार झाला होता. हृदय थकलं, पाय सुजले, छातीत पाणी भरलं. आडवं झालं की त्याचा जीव घुसमटायचा, म्हणून धानाच्या ढोलीला टेकून तो बसल्या बसल्या झोपायचा. एका दुपारी वच्छलेलाच त्याची दया आली. तिने वाकळ अंथरली, उशाला पोतं दिलं आणि म्हटलं, "घडीभर पाठ टेका जी." सोमाजीने पाठ टेकली. तो उठलाच नाही. कुणी तिला बोल लावला नाही. तो तिने स्वतःच स्वतःला लावून घेतला.

म्हणून चिंधूला दम लागू लागला तेव्हा तिने त्याला आडवं होऊच दिलं नाही. घरी दोघं पाठीला पाठ लावून बसायची. तो जरा कलला की ती दचकून जागी व्हायची.

दवाखान्यात तिने बाकी सगळं ऐकलं. मीठ बंद म्हटल्यावर घरून आलेला लोणच्याचा डबा तिने आल्या पावली परत पाठवला. पाणी मोजून द्यायचं म्हटल्यावर चिंधू हात जोडून मागायचा, तरी तिने घोटभर जास्त दिलं नाही. लघवी मापात धरली, सिस्टरला दाखवली. फक्त दांड्याचं तेवढं तिला ऐकवेना.

संध्याकाळी सिस्टर फेरीला आली आणि पलंग पाहून थबकली. "पुन्हा बसले? दम लागला का?"

"हो न बाई. लय लागला." खोटं बोलताना वच्छलेने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशीही हेच झालं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी चिंधूची छाती ऐकली, पाय दाबून पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "सगळं सुधारतंय आणि आडवं होता येत नाही, म्हणजे हृदयाचं आणखी काहीतरी दिसतं. उद्या नागपूरला पाठवू."

नागपूरचं नाव निघालं आणि वच्छला पेचात सापडली. दांड्याचं सांगून टाकावं, तर आत्ताच्या आत्ता याला आडवं करतील. न सांगावं, तर उद्या गाडीत घालून नेतील, आणि त्या गाडीत तर माणसाला आडवंच टाकतात. काय करावं हे विचारायलाही कुणी नव्हतं. जेवणाचं उष्टं पातेलं, तो गंज, घेऊन ती नळावर गेली. गंज कधीच घासून झाला, तरी ती घासत राहिली, आणि नळाच्या आवाजात पोटभर रडून घेतलं.

परत आली तर पलंग सपाट होता.

उशीसुद्धा काढलेली होती. चिंधू उताणा पडला होता, हात छातीवर. सिस्टर त्याच्यावर वाकून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती. वच्छलेने तोंड उघडलं, तसं सिस्टरने वर न बघताच ओठांवर बोट ठेवलं. वच्छलेला त्रिशरण म्हणायचं होतं, पण पहिला शब्दच आठवेना. तिच्या हातातला गंज फरशीवर पडला.

"गेले," ती म्हणाली. "सिस्टर, दांडा मीच वर करत होती. यायले दम नव्हता लागत. मी खोटं बोलली. पण आडवं केलं का माणूस जाते वो बाई! एक तर मी आपल्या हातानं घालवला..."

"मावशी, श्वास मोजत होते मी. चुकवलात ना!" सिस्टर सरळ उभी राहिली. "आणि दांड्याचं मला ठाऊक आहे. नागपूरचं ऐकलं आणि या बाबांनीच सगळं सांगून टाकलं. पलंगही त्यांनीच खाली करायला लावला."

वच्छला पलंगाजवळ गेली. चिंधूचं पोट संथपणे वर येत होतं, खाली जात होतं. कुठे घरघर नाही, धाप नाही. तिने घाबरत त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ उबदार होतं.

"मी दांडा फिरवत होती, तवा तुमी जागे होते?" तिने विचारलं.

"जागाच होतो." चिंधूने डोळे उघडले. "दम तर परवाच थांबला, वच्छे. तुले भेव वाटते म्हणून बसून होतो."