तांबूस वाण

"रंगवलेली गाय दिलीत तुम्ही मला," तात्या म्हणाले, आणि व्याह्यांच्या हातातला कप बशीवर जरा जोरातच टेकला.

तात्यांची लेक दारातच थबकली. ती या घरची सून, आणि पेशानं गुरांची डॉक्टर. बापाचा स्वभाव तिला ठाऊक होता, सासऱ्यांचा सोशिकपणाही.

"काळी कुळकुळीत गाय होती," तात्यांचा आवाज चढला. "माझ्या कुरणात आली आणि रंग उडायला लागला. आधी डोळ्यांभोवती, मग मानेवर. आता दिसते गंजलेल्या पत्र्यासारखी! चारचौघांत काय सांगू मी? व्याह्यांनीच बनवलं म्हणून?"

गेल्या वर्षी दोघांनी मोठ्या हौसेनं अदलाबदल केली होती. व्याह्यांची काळी गाय तात्यांकडे, तात्यांची तांबूस कालवड व्याह्यांकडे. त्या वेळी तात्यांना आपण फारच उदार झालो असं वाटलं होतं. त्यांचं वाण काय साधंसुधं होतं? वडिलांच्या काळापासून त्यांच्या कुरणातली झाडून सगळी गुरं तांबूस. लोक वाट वाकडी करून तो कळप पाहायला येत, आणि तात्या कुंपणाला टेकून प्रत्येकाला तीच हकीकत नव्या उत्साहानं ऐकवत. वासरं पायांनी अधू निघत, गाई गाभण राहता राहत नसत, अंगावरचे केस काथ्यासारखे राठ. पण तात्यांच्या लेखी तो सगळा खानदानीपणा होता. "उंची वाण नाजूक असायचंच," ते म्हणत. लेक मध्यंतरी माहेरी आली आणि कुरणातली माती, गवत, गाईंचं रक्त तपासायला मागू लागली, तेव्हाही त्यांनी स्वतः डबे भरून दिले होते. एवढ्या नामी मातीचं कौतुक प्रयोगशाळेलाही कळू दे!

"तुमची गाय तुम्हाला लखलाभ," तात्यांनी निकाल दिला. "माझी कालवड मला परत द्या."

व्याह्यांनी सुनेकडे पाहिलं. सुनेनं छताकडे.

"देतो की," व्याही चाचरत म्हणाले. "पण तुम्हाला ती ओळखू येईल का..."

"माझं जनावर मला ओळखू येणार नाही?"

गोठ्यात काळ्या गाई ओळीनं उभ्या होत्या. तात्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले. तांबूस असं काही नव्हतं. ते तोंड उघडणार इतक्यात एका धष्टपुष्ट काळ्या गाईनं मान लांब केली आणि त्यांचं कोपर चाटायला सुरुवात केली. तात्या बाजूला सरकले. ती दावं ताणून पुन्हा चाटू लागली.

तिचा डावा कान टोकाला फाटलेला होता. वासरू असताना तात्यांच्याच कुंपणाच्या तारेत अडकून फाटलेला. त्यावर औषध त्यांनी स्वतःच्या हातानं लावलं होतं.

तात्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. केस मऊ होते. हात आपोआप पुढे सरकत गेला.

"हिला काय लावलंत तुम्ही?" त्यांनी हळूच विचारलं.

"काही नाही हो! इथलं गवत खाते, बास. ती काळी व्हायला लागली तेव्हा मीच हबकलो. तात्यांना काय तोंड दाखवायचं? म्हणून तर तुम्ही आलात की तुम्हाला गोठ्याकडे फिरकूच देत नव्हतो."

शेवटी लेकच पुढे झाली.

"बाबा, कधीची सांगेन म्हणतेय. आपल्या कुरणातल्या मातीत तांबं फार कमी आहे. मातीत नाही म्हणून गवतात नाही, गवतात नाही म्हणून गाईंच्या अंगात नाही. आणि तांब्यावाचून काळा केस काळा राहत नाही."

तात्यांनी कालवडीच्या काळ्या केसांतून बोटं फिरवली.

"म्हणजे तांबं नाही, म्हणून तांबूस?"

"हो."

"सगळ्याच?"

"सगळ्याच. मुळात काळ्याच आहेत त्या. मी तांबं घातलेल्या चाटण विटा आणून देते, गरज पडेल तिला इंजेक्शन देते. वासरं पायांवर नीट उभी राहतील."

व्याही सभ्य माणूस. त्यांनी तोंड फिरवून दाव्याची गाठ तपासायला घेतली. त्यांचे खांदे मात्र हलत होते.

तात्यांनी घसा साफ केला. "एखादी तशीच ठेवता येईल का गं? नमुन्याला?"

"येईल की," लेक म्हणाली. "कोणती आजारी ठेवायची, तेवढं सांगा."

कालवडीनं एव्हाना सदऱ्याची बाही कोपरापर्यंत ओली केली होती. तात्यांनी एकेका गाईचा चेहरा डोळ्यांपुढे आणला. कोणतंच नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही.

विटा आल्या. गाई त्यांवर अशा तुटून पडल्या की तात्यांना पाहवेना, आणि तिथून हलवेनाही. हळूहळू राठ केस गळाले. मानेवर, मग पाठीवर काळा रंग चढत गेला. लोक येत, कुंपणाशी घुटमळत आणि निघून जात. हकीकत सांगायला तात्याही पुढे होत नसत. पुढच्या वेताची वासरं पहिल्याच दिवशी कुरणभर उधळली, तेव्हा मात्र ते त्यांच्यामागे धापा टाकत धावले.

अशात लांबून एक गुरांचा शौकीन मुद्दाम वाकडी वाट करून आला. त्यानं त्या चकचकीत काळ्या कळपावरून नजर फिरवली आणि हिरमुसून विचारलं, "तात्या, तुमच्या त्या नामांकित तांबूस गाई कुठं गेल्या?"

तात्या कुंपणाला टेकले.

"त्या होय? आजारी होत्या हो बिचाऱ्या. बऱ्या झाल्या."